रविवारची हत्यारं

चाचांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात. त्याआधी तीन आठवडे मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहत होते. पण घरी ते खाली मान घालून "खैरियत?" एवढंच विचारत आणि पुढे जात. बाजारात मात्र ते भर रस्त्यात उकिडवे बसले होते. एका हातात दोरीनं टांगलेली बिनदांड्याची हातोडी, दुसऱ्या हातात खिळा. डोळे मिटून ते त्या हातोडीवर खिळ्यानं हलकेच वाजवत होते आणि कान लावून ऐकत होते. पथारीवाला कंटाळून चहा पीत होता. मागून एक हातगाडीवाला "चाचा, सरको" म्हणत होता. चाचांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं, आणि ती गाडी खरोखर थांबली.

"चीर आहे," ते पथारीवाल्याला म्हणाले. "दिसत नाही, पण आहे. ही कोणाला विकू नको. घाव घालताना तुकडा उडाला तर डोळा जाईल." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते थोडे लाजले. "हत्यार बोलतं, बेटा. आपण ऐकत नाही."

आमच्याकडे कारागिराच्या हातातल्या वस्तूला हत्यारच म्हणतात. मी मात्र हा शब्द तेव्हा नव्यानंच वापरायला शिकत होते. आमचे आजोबा पैठणला भिक्षुकी करायचे, वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. घरात खिळा ठोकायचा तरी माणूस बोलवायचे. मी वाळूजच्या एका कारखान्यात नऊ वर्षं संगणकावर सुट्या भागांची चित्रं काढत होते. कारखान्यानं तो विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आणि आम्हा अकरा जणांना निरोप दिला. भाऊ म्हणाला, पुण्याला ये, नोकरी बघू. मी गेले नाही. माझी एक मैत्रीण लहान मुलांची शाळा चालवते. तिथली मुलं जमिनीवर पोक काढून लिहायची. मी त्यांच्यासाठी घडीचं, उतरत्या पाटीचं एक बैठं डेस्क कागदावर काढलं होतं, जुन्या पेढीवरच्या मुनिमाचं असतं तसं. मैत्रीण म्हणाली, "जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चाळीस करून दे." सुतारांकडे गेले तर ते म्हणाले, इतकं बारीक काम परवडत नाही. मग ठरवलं, आपणच करायचं. बेगमपुऱ्यातलं चाचांचं घर मी घेतलं ते मागच्या पत्र्याच्या शेडसाठी.

शेडमध्ये मी सगळ्यात आधी एक नवीकोरी पेटी आणली. मोबाइलवर मागवलेली, चाळीस नगांची, लाल प्लास्टिकची. आठवड्यात पटाशीची धार दुमडली आणि करवतीचे दात निम्मे बसले. चाचा दारात उभे राहून पाहत होते. आत आले, एकेक नग उचलून परत ठेवला आणि म्हणाले, "डबा चांगला आहे. डबा ठेवून घ्या."

त्यानंतरच्या रविवारपासून मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवून बाजारात नेऊ लागले.

चाचा आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उजव्या हाताला कंप होता, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. स्वतःच्या हातानं कानस मारणं सुटलं होतं, पण हत्यारं घेणं सुटलं नव्हतं. घेतलेलं हत्यार ते साफ करून ठेवायचे आणि एखादा जुना विद्यार्थी "सर, गॅरेज टाकतोय" म्हणत आला की त्याच्या पिशवीत घालायचे. या व्यवहारावर चाचींचं मत ठरलेलं होतं. "पलंगाखाली लोहा, माळ्यावर लोहा," त्या मला म्हणाल्या होत्या. "कयामतच्या दिवशी वरून चुंबक फिरला ना, तर सगळ्यात आधी आमचंच घर उचललं जाईल."

बाजारात जाताना चाचांच्या कापडी पिशवीत ठरावीक सामान असायचं. आरशाचा एक तुकडा, एक नवा नट-बोल्ट, सागवानाची पट्टी, जुना दातांचा ब्रश, आणि होमिओपॅथीच्या बाटलीत घोटभर रॉकेल. रंधा दिसला की तो आरशावर ठेवून खालचा तळ सरळ आहे का बघायचा. पाना दिसला की त्याचा जबडा नव्या बोल्टवर बसवून बघायचा, सैल असेल तर तोंड पसरलंय. पटाशी दिसली की ते आधी उलटी करायचे. "पाठ बघा, बेटा. पुढून सगळेच चमकतात." पाठीवर गंजाचे खड्डे असतील तर कितीही नामी पोलाद असो, धार कधी सरळ येत नाही, हे त्या वाक्याचं भाषांतर मला पुढे महिनाभर घासून घासून कळलं.

नवं काय घ्यायचं आणि जुनं काय, याचा त्यांचा पक्का हिशेब होता. कानस नेहमी नवी. "दुसऱ्यानं घासलेली कानस घेणं म्हणजे दुसऱ्यानं घासलेला ब्रश घेणं." ती शहागंजातल्या एका हार्डवेअरवाल्याकडून घ्यायची, आणि तीही मार्च संपताना. तेव्हा तो दुकानदार वेष्टन फाटलेला, कोपरा दबलेला माल बाजूला काढतो. वेष्टन फाटल्यानं कानशीचं काही बिघडत नाही, भाव मात्र उतरतो. काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, ऐरण, हातोडी असलं जड सामान मात्र जुनंच घ्यायचं, कारण जुन्यात लोखंड जास्त. माझ्या शेडमधला शिकंजा आम्ही चितेगावच्या एका भंगारवाल्याच्या आवारातून आणला. तो ग्रीसच्या गोळ्यासारखा पडला होता आणि त्यावर एक मांजर झोपलं होतं. चाचांनी ब्रशनं स्क्रूचे आटे घासले, मला दांडा फिरवायला सांगितला, आणि मांजर उठून गेल्यावर भाव विचारला.

भाव ते एकदाच सांगायचे. आधी पथारीवाल्याच्या घरच्यांची चौकशी, मग त्या वस्तूतलं चांगलं काय ते, मग वाईट काय ते, आणि मग एक आकडा. समोरच्यानं मान हलवली तर घ्यायचं, नाही हलवली तर सलाम करून पुढे. मला ही पद्धत अजिबात आवडायची नाही. मी भाजीबाजारातली, मला घासाघीस केल्याशिवाय घेतल्यासारखं वाटत नाही.

एकदा तर कहर झाला. बाजाराच्या टोकाला एक म्हातारी गोणपाटावर जुने कंदील, कुलपं असलं काहीबाही मांडून बसायची. तिच्याकडे काळ्या लाकडाचा एक छोटा रंधा होता. मी भाव विचारला तर तिनं इतका कमी सांगितला की मी लगेच पर्स उघडली. चाचांनी माझा हात धरला.

"माँजी," ते म्हणाले, "हे शिसम आहे. आत पातं बघा, जुनं पोलाद. इतक्यात देऊ नका."

म्हातारीनं विचारलं, "मग कितीला देऊ?"

चाचांनी तिप्पट आकडा सांगितला आणि मला म्हणाले, "द्या."

मी दिले, पण परत येताना स्कूटीवर एक शब्द बोलले नाही. बेगमपुऱ्याच्या दरवाजाशी आल्यावर मागून आवाज आला, "बेटा, तिला माहीत नव्हतं हा काही तिचा गुन्हा नाही."

"आणि मला स्वस्तात मिळत होतं हा माझा?"

"नाही. तुमचं नशीब. पण आता तुमच्याकडे काय आलं बघा. पुढच्या वेळी तिच्याकडे काही आलं तर ती दुसऱ्याला दाखवायच्या आधी तुम्हाला दाखवील."

तसंच झालं. म्हातारी पुढे माझ्यासाठी वस्तू गोणपाटाखाली झाकून ठेवायची. चाचांनी ते माणुसकीपोटी केलं की धोरणानं, हे मला कधी ठरवता आलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही एकाच दुकानात मिळत असेल तर दोन दुकानं कायकू फिरायची?"

ते कधी चुकत नव्हते असं नाही. एकदा त्यांनी 'जर्मन आहे' म्हणत एक पकड मोठ्या ऐटीत आणली. रॉकेलनं पुसल्यावर खाली दुसरंच नाव निघालं आणि तिसऱ्या दिवशी तिचा जबडा तुटला. चाचा दोन दिवस जेवायला चाचींच्या समोर बसले नाहीत. आणि हट्टी तर इतके की शहागंजातून घेतलेला गुण्या काटकोनात नाही हे सहा महिन्यांनी लक्षात आल्यावर तो परत करायला गेले. सोबत पुरावा म्हणून त्या गुण्यानं आखलेली फळी घेऊन. दुकानदारानं फळी पाहिली, चाचांना पाहिलं आणि मुकाट्यानं बदलून दिला.

मार्चमधल्या एका रविवारी भिंतीशी बसणाऱ्या दाढीवाल्या पथारीवाल्याकडे एक सुताराची पेटी दिसली. सागवानी, दोरीची मूठ असलेली. मी झाकण उघडलं. दोन रंधे, पाच पटाश्या, लाकडावर रेघ आखायचा खतकस, करवत, गुण्या, लाकडी हातोडा. मला जे जे लागत होतं ते सगळं एका जागी, तेलाचा हात फिरवलेलं. प्रत्येक वस्तूच्या मुठीवर तीन टिंबं ठोकलेली होती, मालकाची खूण. भाव इतका वाजवी की चाचाही त्याहून कमी आकडा सांगणार नाहीत. माझी वीस दिवसांत जेमतेम तीन डेस्कं झाली होती, तीही डुगडुगणारी. मला वाटलं, हत्यारं नव्हती म्हणूनच. आता होतील.

चाचांनी एक पटाशी उचलली, पाठ बघितली, मग धार अंगठ्याच्या नखावर टेकवली. 

"मेलेल्या माणसाची हत्यारं गंजून येतात," ते म्हणाले. "म्हातारपणी विकलेली बोथट येतात. याला तर चार दिवसांमागं धार लागलीय. कुठून आणलं, भाई?"

पथारीवाल्याचा चेहरा बदलला. "चोरीचं नाही, चाचा. आईची कसम. एक बाई रिक्षातून घेऊन आली. हर्सूलकडची. बोलली, मालक आता काम करत नाही."

चाचांनी त्या दिवशी भाव केलाच नाही. सांगितला तेवढा मला द्यायला लावला. घरी आल्यावर मी पेटी शेडमध्ये न्यायला निघाले तर ते दारात आडवे उभे राहिले. "घेतली, ठीक केलं. वापरू नका. आधी माणूस बघू."

मला राग आला. पैसे माझे, पेटी माझी, जून माझा तोंडावर आलेला. मी तसं म्हणालेही. चाचांनी ऐकून घेतलं. "चाळीस वर्षं मी पोरांना एकच शिकवलं," ते म्हणाले. "धार बघून माणूस ओळखायचा. ही धार काम सोडलेल्या माणसाची नाही. मी चुकलो तर पेटी तुमची, मी माफी मागीन."

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दाराच्या चौकटीची मापं लिहिलेली होती आणि एका प्लायवूडच्या दुकानाचं कागदी लेबल चिकटवलेलं होतं. सोमवारी आम्ही जळगाव रोडवरच्या त्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन टिंबं पाहिली आणि म्हणाला, "ही तर दिगंबरची. चांगला कारागीर होता. दिवाळीच्या आधी मशीनच्या करवतीत हात गेला त्याचा. दोन बोटं गेली." त्यानं पत्ता सांगितला.

हर्सूलला जेलच्या पलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर होतं. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पस्तिशीचा एक माणूस बसला होता. उजवा हात गमछ्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. माझ्या हातातली पेटी दिसली आणि तो उभा राहिला. आतून त्याची बायको बाहेर आली, तिनंही पेटी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"परत करायला आलाव का?" दिगंबर म्हणाला. "पैसे तर खर्चून गेले. आन् हत्यारात काय खोट नाय, बघून घ्या."

"खोट नाही म्हणूनच आलो," चाचा म्हणाले. "बसू का?"

आम्ही ओट्यावर बसलो. बायको पाणी घेऊन आली. ती हळू आवाजात मला म्हणाली, "विकायला म्या नको म्हणलं होतं, ताई. हेच म्हणले, समोर दिसली की जीव जळतो, घिऊन जाय."

चाचांनी पेटीतली पटाशी काढून दिगंबरच्या समोर धरली. "ही धार कोणी लावली?"

"म्याच."

"कधी?"

"विकायच्या आदल्या दोन दिवसांत. बोथट हत्यार विकलं आसतं तर घेणारा म्हणला आसता, कसला सुतार होता ह्यो." बोलताना तो जमिनीकडे पाहत होता. "शेवटची म्हणून लावली."

"कोणत्या हातानं?"

दिगंबरला प्रश्न कळला नाही. मग त्यानं गमछा बाजूला केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं होतं. उरलेली तीन बोटं काळसर तेलकट होती, दगडावर घासून होतात तशी. "ह्याच की. डावा फकस्त टेकू."

"पाच पटाश्या, दोन रंध्यांची पाती, एक करवत," चाचा म्हणाले. "सगळ्यांना या हातानं धार लावलीस. मी चाळीस वर्षं दहा बोटांच्या पोरांना शिकवलं, शंभरात दोघांना अशी धार येत नव्हती. मग हात गेला कुठं?"

 त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती तिथंच खाली बसली.

"धार लावायची तर बसून व्हतं, चाचा," दिगंबर म्हणाला. "जोर लागत नाय. रंधा मारायला गेलो की मागची मूठ निसटती. करवतीचं तसंच. लई बार करून पाह्यलं. मालकाच्या घरी लोकांसमोर निसटली की लाज वाटती."

चाचांनी आपला उजवा हात त्याच्यासमोर धरला. तो नेहमीसारखा हलत होता. "माझं बघ. सगळी बोटं आहेत आणि एक रेघ सरळ येत नाही. याला इलाज नाही, डॉक्टरनं सांगितलं. तुझं तसं नाही. तुझ्या हाताला मूठ बसत नाही एवढंच आहे. हात बदलता येत नाही, बाबा. मूठ येते."

मग ते माझ्याकडे वळले आणि मला न विचारता म्हणाले, "ह्या ताईंकडे काम आहे, शेड आहे, चित्र काढता येतं. सुतारकी येत नाही. एकटीनं केलं तर जून काय, दिवाळी उजाडेल. खरं का, बेटा?"

खरंच होतं. मी हो म्हणाले. तेवढं म्हणायला मला बरंच गिळावं लागलं, कारण डेस्कं डुगडुगतात याचा दोष मी इतके दिवस हत्यारांना देत होते.

दिगंबर लगेच आला नाही. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी बायकोच्या आग्रहानं असेल किंवा स्वतःहून, तो सायकलवरून बेगमपुऱ्यात आला आणि शेडच्या दाराशी उभा राहिला. आत न येता त्यानं माझी तीन डेस्कं लांबूनच पाहिली. "लाकूड ओलं हाये, ताई," तो म्हणाला. "वाळल्यावर सांधे सोडतंय. वरून किती बी ठोका."

मुठीचं काम आम्ही चाचींच्या स्वयंपाकघरात सुरू केलं. त्याच्या हाताची पकड नेमकी कशी आहे ते मला चित्रात आणायचं होतं. चाचींनी कणीक मळून ठेवली होती. दिगंबरनं तिचा गोळा रंध्याची मूठ धरावी तसा घट्ट धरला. तीन बोटांचे खळगे उमटले, खालची जागा रिकामी राहिली. मी व्हर्नियर या बारीक मापाच्या सरकपट्टीनं मापं घेतली आणि संगणकावर तशी मूठ काढली. खाली फुगीर, तळहाताला टेकणारी, म्हणजे दोन बोटांचं काम तळव्यानं करावं. चाचींनी नंतर त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या आणि आम्हाला वाढल्या.

पहिली मूठ जड झाली. दुसरी घामानं निसटली. चाचा शेजारी स्टुलावर बसून सूचना द्यायचे, आणि कधी न राहवून कानस हातात घ्यायचे, दोन हात मारायचे, हात थरथरला की खाली ठेवायचे. त्या वेळी आम्ही दोघं दुसरीकडे बघायचो. तिसरी मूठ दिगंबरनं स्वतः घडवली. माझ्या चित्रातला फुगवटा त्यानं अंगठ्याकडे थोडा वळवला. "कागदावर बरुबर व्हतं, ताई, पण हाताला जरा येगळं लागतं," असं माझी समजूत काढत.

ती मूठ बसवून त्यानं सागवानाच्या फळीवर रंधा मारला. एकदा, सावकाश. दुसऱ्यांदा जोर देऊन. लाकडाची एक लांब, पातळ, अख्खी ढलपी वर आली आणि त्याच्या मनगटावर गुंडाळली गेली. दिगंबर थांबला नाही. त्यानं फळी पूर्ण साफ केली, उलटी केली, दुसरी बाजू साफ केली. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला तरी तो रंधत राहिला. चाचा उठून अंगणात गेले आणि नळाखाली तोंड धुऊन आले.

शाळा उघडली तेव्हा सव्वीस डेस्कं तयार होती. उरलेली चौदा पंधरा दिवसांनी गेली. मैत्रिणीनं कुरकुर केली नाही. मुलांनी पहिल्याच दिवशी डेस्कं उलटी करून घसरगुंडी केली आणि एकही सांधा सुटला नाही, हे तिनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी दिगंबरला फोन देऊन तिला पुन्हा सांगायला लावलं. वडील एकदा पैठणहून आले आणि शेडमध्ये खुर्ची टाकून दिवसभर बसले. जाताना म्हणाले, "एक पाट करून दे. आईला पूजेला बसायला." तेवढ्यानंच मला सगळं मिळालं. पुढे आमच्याकडे आणखी दोन शाळांचं काम आलं, आणि बाहेर पाटीवर दोघांची आडनावं लागली.

चाचा त्यानंतर दोन वर्षं बेगमपुऱ्यात होते. हात जास्त हलायला लागला, चाचींचे गुडघे गेले, आणि हैदराबादच्या मुलीनं दोघांना तिकडे यायला लावलं. घर त्यांनी आमच्याकडेच भाड्यानं ठेवलं. प्रश्न होता पलंगाखालच्या आणि माळ्यावरच्या लोखंडाचा. आम्हाला वाटलं भंगारवाल्याला देतील, किंवा आम्हाला. चाचांनी हवं ते निवडा म्हणून आम्हाला एक दिवस दिला. उरलेलं सगळं घेऊन ते चार रविवार जाफर गेटला स्वतःच पथारी टाकून बसले.

विकायची पद्धतही अशी की शेजारचे पथारीवाले आपला धंदा सोडून बघायला यायचे. कोणी वस्तू उचलली की चाचा विचारायचे, "काय करणार याचं?" उत्तर ऐकून भाव ठरायचा. एकानं दिवाणखान्यात शोभेला टांगणार म्हणून जुना रंधा मागितला, त्याला त्यांनी असा आकडा सांगितला की तो हसून निघून गेला. शिलाई मशीन दुरुस्त करणारी एक बाई बारीक पेचकसांचा जुडगा घेऊन उभी होती, तिला म्हणाले, "जे वाटेल ते द्या." दिगंबर मागे बसून पिशव्या भरून देत होता आणि मला खुणेनं सांगत होता, यांना आवरा.

शेवटच्या रविवारी नऊच्या सुमाराला ताडपत्रीवर एकच वस्तू उरली, चाचांचं वर्गात वापरलेलं व्हर्नियर. कंपनीचा गणवेश घातलेला, वाळूजची तिसरी पाळी करून थेट आलेला चाळिशीचा एक कामगार खाली बसला. त्यानं व्हर्नियर उलटंसुलटं केलं.

"चाचा, बॅटरी कुठं बसते?"

"बॅटरी नाही याला. डोकं लागतं."

"आमच्याकडं आकडेवालं हाये. असलं कधी हाती नाय घेतलं." तो खाली ठेवणार होता. मग म्हणाला, "वाचायचं कसं, तेवढं सांगता का?"

चाचा सरकून त्याच्या शेजारी आले. खिशातून एक नाणं काढून जबड्यात धरायला लावलं. हात हलत होता, म्हणून बोट रेघेवर टेकवायचं काम त्यांनी मला सांगितलं. आधी वरची पट्टी, मग खालची, खालची कोणती रेघ वरच्या रेघेशी जुळते ती शोधायची. त्यानं पहिल्यांदा चुकीचं वाचलं. दुसऱ्यांदाही. त्याचे डोळे रात्रपाळीनं लाल होते, तरी तो उठला नाही. तिसऱ्यांदा त्यानं ओठ हलवत रेघा मोजल्या आणि हळूच आकडा सांगितला.

"बरोबर," चाचा म्हणाले. "काय करणार याचं?"

"लेकीला दाखवतो. तिला बी वाचाया शिकवतो."

चाचांनी व्हर्नियर त्याच्या मूळ डबीत घातलं, डबी कामगाराच्या हातात दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. तो माणूस दोनदा सलाम करून गेला.

आम्ही ताडपत्री झटकून तिची घडी घातली. मला वाटलं, आता यांना भरून येईल, काहीतरी बोलायला हवं. चाचा गुडघ्यांवर हात ठेवून उठले, चष्मा पुसला, आणि माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "बेटा, जरा बघून सांगा. हैदराबादेत जुन्या सामानाचा बाजार कोणत्या वारी भरतो?"